माघ

चोरडियांनी फोटो पाठवलाय, ओरिजिनल असं दिसतं म्हणे:
लाल चेरी, पिवळं लिंबू, सोनेरी घंटा.
हॉटेलच्या लॉबीत ठेवायचंय, विजयनगरला,
दिवाळीच्या आत.

माझ्या बाकावर आहे ते महूच्या मेसमधलं,
राणीपुऱ्यात किलोवर उतरलेलं.
एकच हात, तोही खांद्यातून निखळलेला.

पहिले दोन दिवस फक्त धूळ.
कोरडा ब्रश, वरून खाली, घाई नाही.
मग रॉकेलचा बोळा, मग बांबूची काडी
अक्षरांच्या खोबणीत, जिथे सिगारेटची राख
ग्रीसबरोबर मुरून डांबर झालीय.

डाव्या पायामागे, जिथे कुणी बघत नाही,
नखाएवढी खिडकी उघडली.
वर पलटणीचा हिरवा.
त्याखाली क्रीम, कुणी दिला कुणास ठाऊक.
त्याखाली, आमसुलाला असतो तसला
काळसर लाल.
हाच.
चिमूटभर काव, काळ्याचा थेंब; थेंब जास्त झाला,
डबी ओतून दिली, परत सुरुवात.
ट्यूबलाइट खोटं बोलते म्हणून निहारला सांगितलं,
पत्रा घेऊन ओट्यावर उन्हात उभा राहा.
तो उभा राहिला, हाताला चटके बसेपर्यंत.

इक्राम भिया म्हणाला, हँडलवर निकल नवं चढवू का, बाई?
चढव, पण मूठ सोडून.
तिथे इतके तळवे घासलेत
की आतलं पितळ वर आलंय.
ते झाकायला मी कोण?

मग चाकं.
तीन. दोघांवर छापील पट्टी, कडा खाल्लेल्या,
पण चेरी चेरीसारखी.
तिसऱ्यावरची कधीतरी फाटली असणार;
कुणीतरी हाताने रंगवलीय.
भिंग लावलं.
देठाला दोन फळं, हो,
पण लांबट. एका गालावर लाल, दुसऱ्यावर पिवळट हिरवी,
आणि एकाला बारीक भोक,
अळीने पाडलेलं.

बोरं आहेत ही.

चेरी पाहिलीच नव्हती त्याने. कुठे पाहणार?
साहेब म्हणाले असतील, लाल असतं, लहान, आत बी.
तो सियागंजातून परतताना
टोपलीपाशी थांबला असेल.
लिंबूसुद्धा आपलं कागदी, टोकाला हिरवं.
चाकाच्या आतल्या कडेला पेन्सिलीने: वि. के., माघ.
साल नाही. महिना मात्र बोरांचाच.

रात्री झोप लागेना, एक हिशेब सुटेना:
दोन चेरी आणि एक बोर आलं की
साहेबाला पैसे मिळत असतील का?
सकाळी मागचं झाकण उघडून पाहिलं.
मिळत असणार. यंत्र चित्रं बघत नाही,
खाचा मोजतं.
त्याच्या लेखी ती चेरीच,
आणि बघणारे एव्हाना चौथ्या पेगवर.

चोरडिया म्हणाले, मॅडम, पट्ट्या बाहेरून मागवू,
कुरियरने येतात, अगदी सेम टू सेम.
मी म्हटलं, आहेत त्या ओरिजिनलच आहेत.
तिसरीही?
तिसरी जास्त.
ते गप्प झाले. मग बिलाचं विचारलं.

बोरं मी थुंकीने पुसली,
कापूस ओठांशी नेऊन,
पाण्याने रंग सुटला असता म्हणून.
जिथे खपली गेली होती तिथेच टिंब,
एका केसाच्या कुंचल्याने, श्वास धरून.
अळीचं भोक तसंच ठेवलं.

आज हात बसवला.
नाणं नव्हतं त्या मापाचं,
निहारने वॉशर घासून आणला.
खटक्, मग तो घरंगळता आवाज,
मग एकेक थांबलं:
घंटा.
लिंबू.
आणि हलकंसं मागे सरकून
बोर.

काही पडलं नाही. पडायला आत काही नव्हतंच.
तरी निहार म्हणाला,
बाई, अजून एकदा ओढू?