राईचं वजन

मेडिकल चौकात ऑटो सोडला तेव्हा
अकराच वाजले होते, डांबर मऊ झालं होतं.
नवरा फाइल घेऊन पुढे, मी मागे,
जणू आजार त्याच्या काखेत होता.

आत सात खुर्च्या आणि एक कूलर.
"लाल औषधवालीले वाऱ्यात बसू द्या,"
कोणीतरी म्हणालं, आणि एक बाई
सलाइनचा स्टँड ढकलत उठली,
मला जागा दिली.
हा नियम कुठेही लिहिलेला नाही.

ती देवकाबाई हेडाऊ, गोळीबार चौकातली,
ब्लाउज शिवणारी.
पहिलाच प्रश्न: "तुयी कोन्ती?"
डावी, म्हटलं.
"मायी उजवी. चाल,
दोघी मिळून एक त पुरी झाली."
मी हसले. टाके ताणले गेले.
ऑपरेशननंतर पहिल्यांदाच
दुखण्याला काही कारण होतं.

घरी सगळे म्हणत होते, पॉझिटिव्ह राहा.
रिपोर्टमध्येही तोच शब्द होता.
देवकाबाईने तो उच्चारला नाही.
ती म्हणाली,
"उद्या संडासात लाल दिसन. रगत नोहे ते, औषध होय.
तिसऱ्या दिवशी तोंडात खिळे चावल्यासारखं लागन,
स्टीलचा चमचा ठेवून दे, लाकडाचा घे.
चौदाव्या दिवशी सकाळी उशीकडे पाहू नको.
आन् नवरा रडला त रडू दे वं,
त्याले कोनी खुर्ची देत नाही."

चौदाव्या दिवशी मी पाहिलंच.

मोमीनपुऱ्याच्या शमीमबीने
पिन न लावता दुपट्टा बांधायला शिकवलं,
स्वतःचा सोडून, माझ्यासमोर, भर वॉर्डात.
धरमपेठच्या केतकरबाई आजाराचं नाव घेत नसत,
"ते तिकडचं" म्हणत,
पण सगळ्यांच्या औषधांच्या वेळा त्यांना पाठ.

कॉरिडॉरच्या टोकाला एक भिंत आहे.
बोटांनी ती चढायची, रोज थोडी वर,
हात जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण.
माझी पहिली खूण स्विचबोर्डाच्याही खाली.
दे. हे. पार वर, जळमटांजवळ.
मधे एक 'कुंदा, १२ मार्च',
त्याच्या वर तिचं काही नाही.
मी त्या रेघेपाशी पोचले आणि हात
दुखत नसताना थांबला.
मागून आवाज आला,
"चाल वर. तिनं का नाही म्हटलं हाय?"

मग एका मंगळवारी माप घ्यायला आली.
"केवढी होती?"
पंचवीस वर्षांच्या संसारात
मला हे कोणी विचारलं नव्हतं,
मलाही ठाऊक नव्हतं.
तिने उरलेलीकडे दर्जीच्या नजरेने पाहिलं
आणि सांगितलं, सव्वा पाव.
सुती कापड, दुहेरी शिवण, आत राई.
"कापूस हलका पडते, खांदा वाकडा होते.
फक्त घामानं भिजली त कोंब येते,
ऐतवारी वाळवत जाय."
पैसे घेतले तिने. पूर्ण घेतले.
ते मला फार बरं वाटलं.

आज रविवार. गच्चीवर
शेजारणीच्या कुरडयांपासून जरा लांब
ताटात माझी राई पसरली आहे.
उन्हाने दाणे टचटचीत झाले,
एकाला मात्र पांढरी शेपटी फुटली आहे.
तो मी बाजूला काढला,
काय करायचं ते ठरलं नाही.

देवकाबाईचं पुन्हा सुरू झालंय, या वेळी यकृतात.
फोनवर ती फक्त ग्राहकांच्या तक्रारी सांगते,
मीही तेवढंच विचारते.

आत्ता एक अनोळखी नंबर वाजला.
कामठीहून कोणीतरी, आवाज कोवळा,
"हेडाऊ मावशींनी नंबर दिला," इतकंच बोलली,
मग नुसता श्वास.
मागे कुकरची शिट्टी, एक मूल काहीतरी मागतंय.
मी धीराचे शब्द शोधले, सापडले ते
माझ्याही तोंडात खिळ्यांसारखे लागले.

ताट सावलीत सरकवलं
आणि विचारलं,
घरात लाकडी चमचा आहे का गं?