आज सायंकाळी ठीक सहा वाजता

दुपारी साडेतीनला मी ओल्या फडक्यानं फळा पुसतो.
कालचं व्याख्यान बादलीत उतरतं,
पाणी जरासं पांढरं होतं.
वाळायला वेळ लागत नाही,
मे महिन्यात सोलापुरात घामसुद्धा ओला राहत नाही.

मग वरची ओळ, जी कधीच बदलत नाही:
आज सायंकाळी ठीक सहा वाजता.
अठरा वर्षं लिहितोय हे 'ठीक',
आणि पावणेसातच्या आत कधी काही सुरू झालेलं नाही.
एकदा गाळून पाहिलं.
हत्तुरेसर म्हणाले, मल्लेशम, फळा उघडा दिसतो.

अक्षर बरं म्हणून मला इथं घेतलं.
त्याआधी चादरीच्या कारखान्यात
नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचो.
भोक असलं तर धागा वर,
नसलं तर खालीच.
मोराच्या एका डोळ्याला सात पुठ्ठे.
मग संगणक आला, मी खडू घेतला.

शनिवारी चित्रपट.
बाहेर त्रेचाळीस अंश, आणि पडद्यावर
कुठल्याशा देशातली बाई नदीवरचा बर्फ फोडतेय.
नरसम्मा बिटला विड्यांचं सूप दाराशी ठेवते,
पंख्याखालची खुर्ची धरते
आणि सुनेला सगळी गोष्ट तेलुगूत सांगत राहते.
बाईचा नवरा युद्धावर गेलेला,
नरसम्मानं त्याला भिवंडीला पाठवला.
कॉलेजची पोरं आधी श्श करायची,
आता तिच्या मागच्या रांगेत रुमाल टाकून जागा धरतात.

मंगळवारी व्याख्यान: शहराचं पाणी, काल आणि उद्या.
वक्ते पुण्याचे. माणसं एकोणसत्तर,
चहासाठी मोजावी लागतात.
सात वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन वाजला.
मग दुसरा.
मग दाराशी कुणीतरी पुटपुटलं, नळ आलाय.
पाचव्या दिवसाचा नळ,
तो काय आभारप्रदर्शनापर्यंत थांबतोय?
हत्तुरेसरसुद्धा उठले,
एका हातात चपला, दुसऱ्या हातानं नमस्कार.
उरलो सहा: वक्ते, मी, माइकवाला कय्यूम,
ज्यांच्या गल्लीत पाणी उद्या ते दोघं,
आणि झोपलेले एक काका.
का बे, चालू ठेवायचं का बंद करू?
कय्यूमनं मला विचारलं, माइक चालूच होता.
वक्ते हसले. चष्मा पुसला.
बाहेर पायरीवर येऊन बसले.
नऊला माणसं परतली, पँटी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या,
गार चहा पिऊन त्यांनी उरलेलं ऐकलं,
एकानं तर वक्त्यांना टाकीची झाकणं कुठं स्वस्त ते सांगितलं.

या आठवड्यात प्रदर्शन आहे.
जुन्या चादरी, काचेमागं,
जशा कधी कुणी पांघरल्याच नव्हत्या.
तिसऱ्या भिंतीवर मोर.
लांबूनच ओळखला.
डाव्या डोळ्यातलं एक भोक पाडायचं राहिलेलं,
शहाऐंशी साली, रात्रपाळीत,
माझ्याच हातून.
त्या पुठ्ठ्यांवर निघालेला प्रत्येक मोर तसाच.
खाली छापील चिठ्ठी:
पारंपरिक नक्षी. कारागीर अज्ञात.

माहिती सांगणारी मुलगी म्हणाली,
डोळा मुद्दाम अपुरा ठेवलाय,
नजर लागू नये म्हणून.
लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली.
तिचं कारण माझ्या झोपेपेक्षा बरं होतं.

तेवढ्यात नरसम्मा आली,
काचेला नाक लावून
तेलुगूत, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं बोलली:
ही माझ्या अंगावर होती, थोरल्याच्या बाळंतपणात.
महिनाभर डोळा मारत होता मेला!

काय म्हणाल्या त्या? मुलीनं मला विचारलं.
मी सांगितलं,
नरसम्मा चित्रपट सांगते तसं,
थोडं इकडचं, थोडं भिवंडीचं.
तिनं ते वहीत लिहून घेतलं.

चार वाजून गेले होते.
फळा अजून पुसायचा होता.