डोंगर काळा असतो

वीज गेली, गल्लीतले सगळे माग एकदम मुके झाले
आणि आम्ही सतरंजी घेऊन गच्चीवर आलो.
मे महिना. फरशी अजून तव्यासारखी.
महानंदानं बॅटरी धरली, मी ग्राफपेपर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार रिकाम्या बॉबिन ठेवल्या.

याच कागदावर माझं पोट चालतं.
मोर, कमळं, डोंगरांची रांग.
मी चौकोन भरते, ते चादरीवर उतरतात.
बावीस वर्षांत किती डोंगर काढले, मोजले नाहीत.
पाहिलेला एकही नाही.
आमच्या सोलापुरात उंच म्हणजे
जानेवारीतले नंदीध्वज,
तेही दोन दिवस.

एक चौकोन म्हणजे दोन किलोमीटर.
दसरा झाला की निघायचं. महानंदाची जुनी आल्टो,
चढाला जिचा एसी बंद करावा लागतो.
वीस चौकोनांवर माचणूर, भीमेकाठचा किल्ला.
महानंदा शाळेत इतिहास शिकवते, सुट्टीतही शिकवते.
म्हणाली, तिथं अर्धाच तास.
तिचा अर्धा तास आम्हाला ठाऊक आहे.
मग मंगळवेढा, सांगोला, आटपाडी, विटा
मी पेन न उचलता एका रेघेत ओढले.
सपाटीला नक्षी लागत नाही.

तिरुपती, माझा भाचा, मोबाईलवर वाचतो :
पाटणच्या वर दातेगड,
कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर.
पुढं जंगली जयगड, वनखात्याची परवानगी, जळवा.
त्याला दोरावरून उतरायचंय, तंबूत झोपायचंय.
"मावशी, तू पण."
म्हटलं, आधी टाकीवर चढून कॉक बंद करून ये,
मग बोलू.
कडक भाकरी चाळीस, शेंगाचटणी दोन किलो.
अडकलो तर अडकलो.

मग कुंभार्ली घाट आला.
ग्राफवर वळण काढता येत नाही, पायऱ्याच निघतात.
मी पायरीखाली पायरी भरत गेले.
कठड्याला टेकून बसलेले नायना वाकून म्हणाले,
"हे काय, जिना?"

तीस वर्षं त्यांनी चादरींच्या गाठी चिपळूणला नेल्या.
माझ्या हातातलं पेन घेतलं नाही.
नुसतं सांगत गेले :
इथं तिसरा. इथं दुसरा. इथं हॉर्न.
इथं क्लीनरला जागं करायचं.
रिकाम्या हवेत त्यांचा डावा हात गिअर टाकत होता.

"तात, डोंगर दिसतो कसा?" तिरुपतीनं विचारलं.
"काळा," नायना म्हणाले.
"कधी डाव्या हाताला, कधी उजव्या."

दिवसा माल भरायचा, रात्री घाट.
परतताना पुन्हा रात्र.
"एका वळणावर ब्रेक गार करायला थांबायचो.
इंजिन बंद केलं की खाली पाणी वाजायचं.
लई खाली.
किती, ते कधी कळलं नाही."

महानंदानं बॅटरी विझवली, का ते तिलाच माहीत.
थोड्या वेळानं पुन्हा लावली
आणि माचणूरचा आपला अर्धा तास स्वतःच खोडला.
जयगड दुसऱ्या दिवसावर गेला.
तिरुपती काही बोलला नाही.
घाटात ऊन असताना पोचायचं, तर इथून चारला निघायला हवं.
आल्टोत माणसं किती, ते कोणी मोजलं नाही.
"ते वळण कुठलं?" मी विचारलं.
नायनांनी बोट फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं.
"कागदावर नाही सांगता येणार. कानानं सांगेन."

एवढ्यात वीज आली.
खालचे माग एका दमात सुरू झाले,
गच्ची पायाखाली थरथरायला लागली,
बॉबिन गडगडल्या, कागद उडाला, तिरुपती धावला.
त्या खडखडाटात नायना काहीतरी बोलले.
मी कान जवळ नेला.

"डावीकडची खिडकी," ते ओरडून म्हणाले.
"क्लीनरची.
मी तिकडं कधी बसलोच नाही."