आपली विश्वासू

झेरॉक्सवाल्याकडचं पत्र दहा रुपयांना मिळालं होतं.
तयार. नुसतं नाव बदलायचं.
सात कंपन्यांना गेलं ते,
आणि मग कळलं, तिसऱ्या ओळीत
अजून प्रसन्न गिरकरच राहतोय,
मेहनती, होतकरू, अविवाहित.

कुठूनच उत्तर नाही.
तसं त्यालाही आलं नव्हतं.

म्हणून देऊळवाड्याच्या उतारावर,
लुर्डीन टीचरच्या पडवीत मी.
लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल.
भिंतीवर दरपत्रक, त्यांच्याच अक्षरात:
बायोडेटा शंभर, अर्ज दीडशे,
खोटं लिहून मिळणार नाही.

"तुका काय येता?"
मी म्हटलं, बी.कॉम., सेकंड क्लास.
"ता कागद सांगता. तुका काय येता?"

मला काय येतं.
समोरच्या माडावर खार चढली, उतरली.
टीचरनी चष्मा पुसला. घाई नव्हती त्यांना,
दीडशेत बहुतेक हे गप्प बसणंही धरलेलं होतं.

मग मी बर्फाचं सांगितलं.
दांडीवरच्या फॅक्टरीत तीन वर्षं वही माझ्याकडे होती.
पहाटे चारला लादीमागे लादी घसरत यायची,
कुठल्या तांडेलाने किती नेल्या, किती उधार,
त्यातली किती बुडणार
हे मला चेहऱ्यावरून कळायचं.
वीज गेली की डिझेल किती तास पुरेल,
कुणाचं पापलेट आधी, कुणाचे बांगडे थांबतील,
मी ठरवायचे. शिव्या खायचे. हिशेब जुळायचा.
एकदाच चुकला, बावीस लाद्यांनी.
पगारातून भरल्या. कुणी मागितल्या नव्हत्या.

टीचर दोन बोटांनी टाइप करत होत्या.
बावीस लाद्या लिहिल्यात की काय, मी विचारलं,
म्हणजे, नको ना?
"त्योच तर ठेवूच्यो."

मग स्क्रीनवरचं इंग्रजी त्यांनी
मला मालवणीत वाचून दाखवलं.
त्या बाईला मी ओळखत नव्हते.
रत्नागिरीची कोळंबी कंपनी माझी असती
तर तिला उद्याच बोलावलं असतं.

शेवटाला आल्यावर बोट थांबलं.
मी आठवण केली: आपली विश्वासू, असं असतं ना खाली?
टीचर हसल्या.
"ज्येका बगलंस नाय, त्येची विश्वासू कशी?
पयलो पगार होऊ दे."

नुसतं नाव राहिलं खाली. हेमांगी कुबल.
कागदावर इतकी जागा
मला कधी मिळाली नव्हती.

उतरताना वळणावर प्रसन्न गिरकर भेटला,
पारदर्शक फाइल, आत तेच दहा रुपयांचं पत्र,
मेहनती, होतकरू,
आणि अजूनही अविवाहित.
"काय काय विचारतात गं?"
एकच, मी म्हटलं.
पण बसायला वेळ काढून जा.