बारा अंश

भिंग बारा अंशांनी फिरलंय, म्हणाल्या डॉक्टर मेहेंदळे
आणि पेनाच्या टोकाने हवेत चाप काढला.
मला समजावायला नको.
तेहेतीस वर्षं कोनमापक धरून
मी इथले सेक्टर आखलेत.

सानपाड्याच्या दवाखान्यातून खाली आलो
तर पाटीवरच्या प्रत्येक अक्षराला तिरकी सावली,
बस तीनची की आठची, कळेना.
सुलभा म्हणाली, मोतीबिंदू परवडला,
निदान सगळं सारखंच धुरकट होतं.

नेरूळला एका सोसायटीची भिंत
माझ्याच हातून कललीय, दीड अंश.
कुणी बोललं नाही. मीही नाही.
तिथल्या निमुळत्या तुकड्यात
इस्त्रीवाला शिवमूरत टेबल लावतो.

गुरुवारी पुन्हा झोपवलं.
वर पांढरा दिवा, थेंबांचा गारवा.
"काका, हलू नका, फिरवतेय."
मी श्वास धरला,
शाईची रेघ ओढताना धरायचो तसा.

शुक्रवारी पट्टी निघाली.
टाकीवरचा आकडा एकच दिसला,
सुलभाच्या कपाळावरची टिकलीही एकच,
जरा डावीकडे.
सांगितलं नाही.

संध्याकाळी दोन शर्ट घेऊन नेरूळला गेलो.
इस्त्री झालेलीच होती त्यांची.
शिवमूरतने उलटसुलट करून पाहिले,
मग माझ्याकडे पाहिलं.
मी भिंतीकडे बघत होतो.