खिडकीजवळची जागा

शुक्रवारचं तिकीट मंगळवारचं करायचं होतं.
एवढंच.
चुकलेली ओळ उसवून पुन्हा विणतात ना,
तेवढंच वाटलं मला.

एलिसेओची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी अलीकडे ओढली,
बुधवारी सकाळी, पुएर्तो मोंतला.
आणि मी पुंता अरेनासमध्ये, नकाशा संपतो तिथे,
जिथे वारा सुटला की चौकात दोर बांधतात
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.

विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी छान हसली.
तिकीट आमचं नाही, म्हणाली.
विमान?
विमान आमचं.
आणि जागा, चौदा अ?
जागाही आमचीच. तिकीट तेवढं त्यांचं.
जिथून घेतलंत तिथे विचारा.

जिथून घेतलं तिथे दार नाही.
एक निळा पडदा, त्यावर नारळाखाली हसणारं कुटुंब,
कोपऱ्यात एक गोल, विचारतो, काय मदत करू?
तारीख बदलायचीय, लिहिलं मी.
हॉटेल हवंय का, म्हणाला.

साडेसहा हजार पेसो वाचवले होते.
किलोभर मटणसुद्धा येत नाही त्यात.

आमच्या वडिलांची लोकर ओस्वाल्दो मान्सिया उचलायचा.
दलाल. काटा मारायचा,
आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.
पण दारात यायचा.
चुलीशी बसून आमचं माते प्यायचा,
आणि आई त्याला तोंडावर चोर म्हणू शकायची.
तो मान डोलवायचा, आणखी गरम पाणी मागायचा.

रविवारी दुपारी फोन लागला.
सत्तेचाळीस मिनिटं एकच धून.
तेवढ्यात मी बटाटे उकडले, सोलले,
ते गार झाले.
मग एक पोरगा बोलला, येइसन, मेदेयीनहून.
बुकिंगचा क्रमांक सांगा.
सांगितला.
शून्य की ओ?
ओ, म्हटलं. ओवेखातला. मेंढीतला.
तो थांबला. माझ्या आजोबांच्या मेंढ्या होत्या, म्हणाला,
आणि लगेच कागदावरच्या आवाजात:
बदलाचं शुल्क, भाड्यातला फरक, आमचा सेवाकर.
बेरीज केली.
मेंढीपेक्षा कातरणावळ जास्त.

देते, म्हणाले मी. दे बदलून.
मला नाही बदलता येत, सेन्योरा.
कंपनीनं परवानगी द्यायला हवी.
कंपनी म्हणते तू द्यायला हवीस.
हो, म्हणाला. त्या तसंच म्हणतात.
बहात्तर तास लागतील.
मी बोटांवर मोजले. बुधवार दुपार.
तोवर एलिसेओचं पोट उघडून शिवूनही झालं असतं.

ओरडले मी. दीड मिनिट तरी.
वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात ओरडलेय, आवाज आहे मला.
तो ऐकून घेत होता. कॉल रेकॉर्ड होत होता.
मग अगदी हळू, जणू हातानं तोंड झाकून,
सेन्योरा नोल्फा, तुम्ही बसनं जा.

तीस तास.
अर्जेंटिनात शिरून, पुन्हा बाहेर पडून,
कारण आमच्या देशाचा रस्ता आमच्यापर्यंत येतच नाही,
तोही मध्यस्थामार्फतच.
सीमेवर माझं चीज काढून घेतलं,
एलिसेओसाठी विणलेले मोजे उलटेपालटे करून पाहिले.
आणि बाहेर, मेंढ्या आणि वारा आणि तारा,
तिथे फोन वाजला:
आपली विनंती विचाराधीन आहे.
आमच्या सेवेला किती तारे द्याल?

पोचले. खाटेशी बसले. तो झोपेतून उठला,
तेव्हा माझाच हात होता त्याच्या हातात.

आज शुक्रवार.
चार वाजता खिडकीबाहेर घरघर झाली,
ढगाखालून एक विमान उतरत होतं.
एलिसेओ, म्हटलं, बघ.
चौदा अ, खिडकीजवळ.
त्यात मी येतेय.
त्यानं टाक्यांवर हात दाबला.
हसवू नकोस, म्हणाला, दुखतं.