मान

नाव पुकारलं, "अनसूया म्हंता.
पाणी पिऊन आलात ना? पिशवी भरलेली पाहिजे."
भरून ठेवायचं आम्हाला काय सांगता, बाई.
सोलापुरात नळ येतो चार दिवसांआड,
आला की टिपाड, घागर, कळशी, कुकरसुद्धा भरतो.
तशीच भरले मी. दत्त चौकातल्या बाकावर
गुडघ्याला गुडघा लावून तासभर.

भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
मला त्रेपन्न संपलं.
तीन पोरं झाली, तिसरं चार किलोचं.
तेव्हापासून शिंक आली की भिंत धरायची,
हंडा उचलायच्या आधी मांड्या आवळायच्या,
हसू आलं तर पदर तोंडात.
कारखान्यातल्या टॉवेलची चिंधी, चौघडी करून.
घरात तेलुगू, शिलाईच्या हॉलमध्ये कन्नड, दुकानात मराठी,
तिन्हीत ह्याला शब्द नव्हता माझ्याजवळ.
चिठ्ठीवर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिला.
मी घडी घातली.

खोली गार. जेल त्याहून गार.
पोटावर नाही, खाली, बाहेरूनच टेकवलं यंत्र.
मी छताकडे बघत राहिले. पंखा बंद, एक जाळं.
कोनापुरे मॅडम माझ्या मुलीएवढी. म्हणाली,
"आता खोका."
मी खोकले, सवयीनं, नखाएवढं.
"तसं नाही. जोरात. होऊ दे काय व्हायचं ते,
खाली कागद घातलाय."

तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.
खोकले.
आईच्या वाटचं, आजीच्या वाटचं, सगळं खोकले.

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली.
करडं सगळं, मागाखाली साचलेल्या धुळीसारखं.
मध्ये काळी पिशवी.
"ही तिची मान. बघा,
खोकलात की खाली जाते."

मान खाली.
मला वाटत होतं, माझीच.

रिपोर्टवर आकडा, अठ्ठावीस मिलिमीटर.
आधी व्यायाम, तीन महिने. मग बघू, म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत गंगव्वाला टेपवर दाखवलं.
एवढंच. टॉवेलच्या किनारीहून थोडं जास्त.
ती काही बोलली नाही. टेप ओढून घेतली,
अठ्ठावीसवर अंगठा ठेवून बघत बसली.
टेपला शेंगाचटणी लागली.

मशीन सुरू झाल्यावर, त्या आवाजात,
माझ्या कानाशी येऊन:
"मंगळवारी नळ नाही. मला बी ने."